‘जेवलो’ म्हणणारी लेकरं

सर,

तुमच्या शोकसभेत सगळ्यात चांगलं भाषण कोणी केलं असेल? ओळखा. शेजारच्या गावच्या संस्थाचालकांनी. ज्यांच्या वसतिगृहाच्या बंद खिडकीला नाक लावून तुम्ही सोयाबीनचा वास घेतला होता, तेच. पांढरेशुभ्र कपडे, हातात भलामोठा हार, डोळ्यांत पाणीसुद्धा होतं. "असा शिक्षक पुन्हा होणे नाही," म्हणाले. मी वहिनींच्या शेजारी बसले होते. माझ्या अंगाची लाही लाही झाली. उठून जायला निघाले तर वहिनींनी माझा हात धरला आणि कानाशी म्हणाल्या, "बसा बाई. हे असते तर हसले असते."

खरंच, तुम्ही हसलाच असता. खांदे हलवत, तोंडातून आवाज न काढता, आणि मग रुमालानं चष्मा पुसला असता. मला मात्र हसू आलं नाही. मला तुमच्यासारखं हसता येत नाही, हे तुम्हाला चांगलं माहीत होतं. "बाई, तुमचा राग लवकर तापते आन् उशिरा निवते," असं तुम्ही म्हणायचे. अजून निवला नाही सर. त्या रागातच हे लिहायला बसले आहे.

शाळेचा चार्ज आता माझ्याकडे आला आहे. आपल्या तांड्यावरच्या शाळेत होतो किती आपण, तुम्ही आणि मी, त्यामुळे वेगळं कोणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. एक बाई आणि सात वर्ग. सकाळी घंटा दिली की पहिली-दुसरीला ओट्यावर बसवते, बाकीच्यांना आत. दुपारी डबा उघडते तेव्हा हात आपोआप झाकणात जवसाची चटणी काढून ठेवतो, तुमच्या वाट्याची. मग ती मलाच खावी लागते. तुम्ही म्हणायचे की माझी चटणी वहिनींच्या चटणीपेक्षा बरी आहे. हे मी वहिनींना अजून सांगितलेलं नाही.

मी इथं रुजू झाले तेव्हाची आठवण येते. वाशीममध्ये वाढलेली मी, मानोऱ्यापर्यंत एसटी आणि पुढं मिळेल त्या गाडीनं आले होते. तांडा बघून रडूच कोसळलं. तुम्ही पाण्याचा गिलास पुढं केला आणि म्हणाले, "रडून घ्या. लेकरं शाळेत यायच्या आत आटपा म्हंजे झालं." तुम्ही आसेगावकडचे, बौद्ध घरातले, आणि त्या बंजारा लेकरांशी त्यांच्याच गोरमाटीत असे बोलायचे की नवखा माणूस तुम्हाला तांड्यातलाच समजायचा. मला तुम्ही पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली, जी डी.एड.ला कोणी शिकवली नव्हती. म्हणाले, "इथल्या लेकराले जेवला का, असं इचारू नका. उपाशी असलं तरी ते हाव, जेवलो, असंच सांगते. परक्या माणसासमोर भूक दाखवायची नाही, हे यायले आईच्या मांडीवर शिकवते."

मी खात्री करून घेतली होती. सर्दीनं नाक वाहणारं, पोट खपाटीला गेलेलं एक पोरगं. "जेवलास का रे?" "हाव बाई." आणि अर्ध्या तासात ते बाकावर डोकं टेकून झोपलं. त्या दिवसापासून मी हा प्रश्न विचारणं सोडलं. दुपारच्या खिचडीला कोण धावत जातं ते बघायचं, तेवढ्यात सगळं कळायचं.

आणि ट्रकवरची हजेरी. ती तर मी दुसऱ्या कुठल्या शाळेत बघितली नाही, ऐकलीही नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांचे ट्रक लागायचे. भांडी, गोधड्या, कोंबड्या, म्हातारी माणसं आणि वर बसलेली आपली लेकरं. तुम्ही शाळा माझ्यावर सोपवून तिथं जायचे, ट्रकच्या मागं उभे राहायचे आणि एकेकाचं नाव पुकारायचे. लेकरं वरून ओरडायची, "हजर सर." पुस्तक नाही, कागद नाही, सगळी नावं तोंडपाठ. शेवटी तुमचं ठरलेलं वाक्य, "पटावरून नाव काढून नाही राह्यलो मी कोणाचं. पोहरादेवीच्या यात्रेले भेटू." चैत्रात यात्रेच्या गर्दीत ती लेकरं तुम्हाला शोधत यायची. उन्हानं काळी पडलेली, हातांना उसाच्या पात्यांचे ओरखडे, आणि अर्धी अक्षरं विसरलेली. पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून तर गेल्या वर्षी वसतिगृह मंजूर झाल्याची बातमी आली तेव्हा तुम्ही पेढे आणले होते. आईबाप तोडीला गेले तरी लेकरं मागं राहतील, सकाळ-संध्याकाळचं जेवण आणि झोपायला जागा सरकार देईल. चालवायला ते संस्थेकडं गेलं, हे ऐकून माझं तोंड वाकडं झालं होतं. तुम्ही मात्र घरोघर गेलात. मीही होते बरोबर. "ठेवा लेकराले. आता सोय झाली," असं तुम्ही प्रत्येक दारात सांगितलं. सपनाची आई तयार होत नव्हती. पाचवीतली सपना आणि पहिलीतला तिचा भाऊ, घरात दुसरं कोणी नाही. शेवटी ती म्हणाली, "सर, तुमच्या भरोशावर ठेवून चाललो."

त्या वर्षी ट्रकमध्ये लेकरं नव्हतीच म्हणा ना. तुम्ही उलटी हजेरी घेतली, खाली उभ्या असलेल्यांची. मी तुम्हाला इतकं खूष कधी बघितलं नव्हतं.

पुढचं आपल्या दोघांना माहीत आहे, पण मला ते पुन्हा सांगायचं आहे, कारण शोकसभेत त्यातलं अवाक्षर निघालं नाही. पहिला आठवडा जेवण आलं. मग एक दिवसाआड आलं. मग तिथल्या स्वयंपाकीण मावशी वसतिगृहाच्या हॉलजवळ राहणाऱ्या चार-दोन पोरींना डब्यात भाजीपोळी द्यायच्या, तेवढंच उरलं. बाकीची लेकरं कोणी आजीकडं, कोणी शेजारी. तुम्ही दिवेलागणीला चालत गेलात, तर हॉलला कुलूप आणि आत सोयाबीनची पोती. महिना संपला तसा संस्थेचा माणूस आपल्या शाळेत आला. सगळी मुलं वसतिगृहात राहतात, दोन वेळा जेवतात, असं मुख्याध्यापकांनी लिहून द्यायचं होतं. "नुसती सही पाह्यजे सर," तो म्हणाला. तुम्ही त्याला चहा पाजला आणि सही न देता पाठवलं. जाताना तो मला म्हणाला, "बाई, सरांले समजवा. निवृत्ती जवळ आली त्यायची."

मी समजावलं नाही. पण सांगितलं जरूर, की सर, तक्रार करू नका, वसतिगृह आपल्या शाळेकडंच द्या असा अर्ज करा. आपण चालवू. वहिनी आहेत, मी आहे, तांड्यातल्या दोन बाया घेऊ. तुम्ही म्हणाले, "चोरी झाली हे सांगतल्याबिगर आपल्याले कोण देईन? ते म्हणतीन, चाललं तर आहे." आणि तुम्ही तक्रार लिहून वाशीमला पाठवली.

तोवर तुम्ही वहिनींकडून दोन जास्तीच्या भाकरी आणायला लागलात, सपना आणि तिच्या भावासाठी. त्या भाकरी द्यायची पद्धतसुद्धा तुमचीच. "सपना, हे पाहा, घरी उरल्या. आता माघारी नेल्या तर घरवाली मले बोलते. माझ्यावर उपकार कर." ती तोंड वळवून घ्यायची आणि मग दप्तरात ठेवायची.

चौकशीचा दिवस. मी तो विसरू शकत नाही आणि तुम्हीही विसरला नव्हता. पोती हललेली, सतरंज्या अंथरलेल्या, भिंतीवर ताज्या चुन्याचा वास आणि त्याखाली सोयाबीनचा. लेकरांना ओळीनं बसवलेलं. वाशीमहून आलेले साहेब दिसायला भला माणूस, थकलेला. त्यांनी प्रेमानं विचारलं, "काय रे बाळांनो, काल रात्री जेवलात का?"

"हाव, जेवलो." सगळी एका सुरात.

संस्थाचालक छताकडं बघत होते. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही डोळे मिटले होते. प्रश्न विचारताना साहेबांचा काही वाईट हेतू नव्हता आणि उत्तर देताना लेकरांचाही नव्हता, तरी सगळं तिथंच संपत होतं. मग तुम्ही उठले. "साहेब, एक मी इचारू का?" ते म्हणाले, विचारा.

"सपना, काल रात्री जेवण कोणं वाढलं?"

ती उभी राहिली. तिला प्रश्नच विचित्र वाटला असावा. "कोणं वाढलं म्हंजे? म्याच वाढलं. भावाले बी."

"आन् केलं कोणं?"

"म्याच."

मग एकेकाला विचारलं. आजीनं. काकीनं. शेजारच्या मावशीनं. संस्थाचालकांची नजर छतावरून खाली आली. मला वाटलं, जिंकलो. सपना अजून उभीच होती. तिला वाटलं असणार की सगळ्यांसमोर आपल्या घराची काहीतरी लाज निघाली. तिनं साहेबांकडं बघून जोरात सांगितलं, "पण पोटभर जेवलो आमी."

साहेबांनी तेही लिहून घेतलं.

निकाल आला तेव्हा तो तुम्ही मला वाचायला दिला नाही, तोंडानंच सांगितला. मुलं आपापल्या घरी किंवा नातेवाइकांकडं पोटभर जेवतात, सबब या ठिकाणी वसतिगृहाची आवश्यकता दिसून येत नाही. संस्थेचा गैरप्रकार? मुलं आपल्या मर्जीनं घरी जेवत असतील तर त्यात संस्थेचा काय दोष. वसतिगृह बंद. त्या मावशी चार-दोन पोरींना भाजीपोळी देत होत्या, तीही बंद. संस्थेला म्हणे पुढच्या हंगामात दुसऱ्या तालुक्यात नवीन वसतिगृह मिळालं.

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि ते कधी संपलंच नाही. मी म्हणाले होते की तुम्ही तो प्रश्न विचारायला नको होता. 'जेवलो' तर 'जेवलो'. कागदावर तरी वसतिगृह राहिलं असतं, पुढच्या वर्षी धक्के मारून चालू करता आलं असतं, निदान त्या पोरींच्या डब्यात काहीतरी पडलं असतं. तुम्ही बराच वेळ फळा पुसत राहिलात. तो कधीचा स्वच्छ झाला होता. मग म्हणाले, "अर्धी भाकर वाढायची आन् पुऱ्या भाकरीवर सही करायची, हे मले नाही जमत बाई." मी चिडून म्हणाले, "तुमची सही सांभाळली तुम्ही. लेकरांचं काय?" दुसऱ्या दिवशी डबा उघडताना नेहमीसारखं झाकण पुढं केलंत, मीही चटणी वाढली, आणि विषय पुढं ढकलला. असा तो कितीदा ढकलला आपण. आता माझं म्हणणं ऐकायला समोर कोणी नाही, तर ते माझं मलाच पटेनासं झालं आहे. कधी वाटतं तुमचंच बरोबर होतं. मग वाटतं, बरोबर असून काय मिळालं. आणि तिथंच अडकते.

एका गोष्टीवर मात्र आपलं एकमत होतं. तुम्ही मला बजावलं होतं, "त्या पोरीचं 'पोटभर' त्यायनं कशाले वापरलं, हे तिले कधी समजू देऊ नका. तिनं खरं सांगतलं. खरं सांगतलं म्हणून वाईट झालं, हे या वयात शिकवायचं नाही." मी मान हलवली होती. ते वचन मी अजून पाळते आहे, पण सोपं नाही सर.

उन्हाळाभर, पावसाळाभर तुम्ही वाशीमला चकरा मारल्या. साहेब मीटिंगला गेले, साहेब दौऱ्यावर गेले, फाइल वर गेली, फाइल खाली आली. एकदा साहेब भेटले तेव्हा ते चिडले नाहीत, उलट कळवळून म्हणाले, "गुरुजी, तक्रार तुमची, उत्तरं तुमच्याच मुलांची. आता यात मी काय करू?" हे सांगताना तुम्ही हसला नाहीत. मला तेव्हाच भीती वाटली होती. त्या माणसाला पैसे खाल्ले म्हणून शिव्या घालता आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं बहुधा खाल्लेही नसतील. ज्यांनी खाल्ले ते ओरडून सांगत नाहीत, आणि जे खात नाहीत त्यांचे हात बांधलेले. मग धरायचं कोणाला? तुम्ही शेवटपर्यंत म्हणत राहिलात, "यात्रेपर्यंत कायतरी करू." दिवाळीही बघितली नाही तुम्ही.

पण तुमच्यामुळं मला काय मिळालं, हेही सांगून ठेवते, नाहीतर हे नुसतं गाऱ्हाणं होईल. मी बदली मागितली नाही. दर वर्षी अर्ज करायची आणि दर वर्षी तुम्ही "यंदा राहा, पुढच्या साली जा" म्हणायचे. आता अर्ज करायची इच्छाच गेली. लेकरांशी बोलायला लागते तेव्हा माझ्या तोंडून तुमचे शब्द निघतात. परवा एका पोराला म्हणाले, "घरी उरल्या भाकरी, माघारी नेल्या तर मला बोलणी बसतील." बोलून गेल्यावर लक्षात आलं.

काल ट्रक लागला, सर.

मी जाणार नव्हते. शाळेत थांबून वर्ग घ्यायचा असं ठरवलं होतं, पण वर्गात बसायला कोण उरलं होतं? पाराजवळ गेले. दोघं सोडली तर सगळी लेकरं वर चढलेली. या वर्षी बाकी कोणी लेकरू मागं ठेवून चाललं नव्हतं. सपनाची आई माझ्याजवळ आली, हातात गोधडीचं गाठोडं. म्हणाली, "सर असते तं ठेवलं असतं बाई." आणि माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली. मी म्हणायला हवं होतं की ठेवा, मी आहे. शब्द अगदी ओठांपर्यंत आले. पण संध्याकाळी मी एसटीनं वाशीमला जाते, घरी माझी दोन आहेत, रात्री इथं या लेकरांना कोण वाढणार? कोणाच्या भरोशावर म्हणू? तिनं थोडा वेळ वाट बघितली, मग गाठोडं वर फेकलं.

सपना ट्रकच्या फळीला धरून वाकली. वर्षभरात उंच झाली आहे पोर. म्हणाली, "बाई, म्या तव्हा साहेबाले खरं सांगतलं होतं ना?"

"हो. खरं सांगितलंस."

"मंग काहून बंद झालं वसतिगृह?"

सर, तुम्हाला दिलेलं वचन. मी म्हणाले, "मला नाही माहीत गं." तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी खोटं बोलले हे तिला कळलं असावं.

ड्रायव्हर हॉर्न देत होता. लेकरं गप्प बसून माझ्याकडं बघत होती. मग कळलं, ती कशाची वाट बघत होती ते. मला सगळी नावं तोंडपाठ नाहीत, पण मी सुरुवात केली. अडखळले तिथं त्यांनीच पुढचं नाव सांगितलं. एकेक आवाज खाली येत गेला. "हजर सर." मी बाई आहे, समोर मी उभी आहे, तरी "हजर सर" म्हणत होती. कोणाला हसू आलं नाही. सपनाचं नाव घेतलं तेव्हा तिनं माझ्याकडं न बघता सांगितलं, "हजर." भावाचंही तिनंच सांगितलं, तो झोपला होता.

तुमचं शेवटचं वाक्य मला म्हणता आलं नाही. नाव काढणार नाही, हे मी कशाच्या जोरावर सांगू? शाळेचा पट इतका खाली आला तर शाळाच राहील की नाही, कोणाला माहीत. ट्रक हलला. मी "सपना, जेवलीस का?" असं ओरडले. का ओरडले ते मलाही कळलं नाही, हा प्रश्न तर मी कधीचा सोडला होता.

धुरातून तिचा आवाज आला, "हाव बाई, जेवलो आमी."

मी शाळेत परत आले. ओट्यावर पहिलीची दोन लेकरं बसली होती, आजीजवळ राहिलेली. बाक रिकामे. कित्येक वर्षांत आपल्याला एकाही दिवशी सगळ्या लेकरांची हजेरी मिळाली नव्हती, तुम्ही नेहमी चुकचुकायचे. काल ट्रकमध्ये आणि ओट्यावर मिळून एकही गैरहजर नव्हतं. आता तुम्हीच सांगा सर, ही हजेरी मी कुठं लावू?